मोठ्याले दोन, लहानाले शून्य

रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर ‘टपाल आवक’ असं छापलेलं होतं. आत मात्र २०२२ च्या कतार विश्वचषकाचे चौसष्ट सामने उभे आखलेले होते आणि वर आडव्या ओळीत आमच्या ऑफिसातल्या चौदा जणांची नावं. रेघा मी मारल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं लेखा शाखेत काढली की कोरं पान स्वस्थ बसू देत नाही.

नियमही मीच केले. सामना सुरू व्हायच्या आत स्कोर लिहून द्यायचा. नेमका जुळला तर ५ गुण. स्कोर चुकला पण कोण जिंकलं, किंवा बरोबरी झाली, एवढं जमलं तर २. नाहीतर भोपळा. पैसे लावायचे नाहीत, ते मी आधीच सांगून टाकलं. शेवटच्या तिघांनी पहिल्या तिघांना सावजी जेवण द्यायचं, बस.

मी फुटबॉलचा माणूस नाही. आमच्या घरात जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमची तिकिटं हाच काय तो खेळ. चौदा जणांत खरा फुटबॉलवाला एकच, आमचा कामठीकर. नागपूरजवळच्या कामठीत लष्करी छावणीमुळे हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. हा गडी तिथल्याच मैदानावर लेफ्ट बॅक खेळून गुडघा फोडून घेतलेला. पण माझं म्हणणं असं होतं की स्कोर हा शेवटी आकडा आहे, आणि आकडा हा आपला प्रांत.

माझी लेक तेव्हा स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्‌सी. करत होती. तिच्या पुस्तकात पॉयसनचं प्रकरण होतं. क्वचित घडणारी गोष्ट ठराविक काळात शून्य वेळा, एकदा, दोनदा किती शक्यतेनं घडेल, याचं ते सूत्र. १८९८ साली बोर्टकिएविच नावाच्या माणसानं प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून दर वर्षी किती जण मेले याची यादी घेतली आणि ती या सूत्राशी जुळवून दाखवली. लेक म्हणाली, गोलचंही तसंच असतं बाबा, नव्वद मिनिटांत कधीतरी लाथ बसते. मला ते एकदम पटलं. एक्सेलमध्ये हे फंक्शन तयारच असतं. सरासरी टाकली की प्रत्येक स्कोरची टक्केवारी समोर. ती पुढेही काहीतरी सांगत होती, पण माझं लक्ष तोवर लॅपटॉपकडे गेलं होतं.

सरासरी कुठून आणायची? २०१८ ला रशियात ६४ सामन्यांत १६९ गोल झाले होते, म्हणजे सामन्याला अडीचच्या थोडे वर. मी अडीच धरले. ते दोन संघांत वाटायचे, फिफाची क्रमवारी पाहून. बरोबरीचे संघ असतील तर एकाला १.४, दुसऱ्याला १.१. तगडा विरुद्ध दुबळा असेल तर बेरीज थोडी वाढवून एकाला २.२ आणि दुसऱ्याला ०.६. हे वाटप सगळं अंदाजपंचे होतं, हे कबूल करतो. पण टक्केवारी दशांश चिन्हासकट बाहेर पडली की अंदाजपंचे वाटत नाही.

सारख्या संघांच्या प्रत्येक सामन्यात सर्वांत वर एकच स्कोर यायचा, १-१. शंभरातून साधारण तेरा वेळा. त्याच्या खाली १-० अकरा-बारा वेळा. मग मी जिथं दोन्ही संघ सारखे, तिथं डोळे झाकून १-१ लिहू लागलो. पहिल्या फेरीत सहा ठिकाणी.

रजिस्टर भरायच्या शेवटच्या दिवशी आमच्या आवक-जावकवाल्या पोट्ट्याचा रकाना कोराच होता. दोनदा आठवण दिली. तिसऱ्यांदा मी टेबलाशी गेलो तर तो डब्यातली भाजी पोळीला लावता लावता म्हणाला, “भाऊ, तुम्हीच लिहून टाका न. मोठ्या टीमले दोन, लहान टीमले शून्य.”

“अबे पण कोणती मोठी?”

“क्रमवारी आहे न तुमच्याकडे. ज्याचा नंबर वरचा तो मोठा.”

“आणि दुसऱ्या फेरीत?”

“सगळ्याच फेरीत. मले आता विचारायले येऊ नका.”

मग मीच त्याच्या रकान्यात अठ्ठेचाळीस वेळा २-० लिहिलं. हात दुखला. त्या दिवसापासून त्याचं नाव दोन-शून्य पडलं. आणि पहिलाच सामना इक्वेडोरनं कतारवर २-० जिंकला. मी हसून सोडून दिलं.

मंगळवारी, २२ नोव्हेंबरला, साडेतीन वाजता अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया. ऑफिसची वेळ. कामठीकरनं मोबाईल टेबलाच्या खणात उभा करून ठेवला होता, खण अर्धा उघडा. दहाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, १-०. मग अर्जेंटिनानं पहिल्या अर्ध्या डावात आणखी तीनदा चेंडू जाळ्यात घातला आणि तिन्ही वेळा ऑफसाइड. आम्ही बाकीचे ‘आता होईल, मग होईल’ म्हणत होतो. कामठीकर मात्र खणात डोकं घालून बोलला, “सौदीच्या बचावाची लाइन पाहा कुठं उभी आहे. अर्ध्या मैदानावर येऊन राहिले. हे भ्यायलेले नाहीत.” मध्यंतरानंतर पाच मिनिटांच्या अंतरानं सौदीचे दोन गोल. २-१. ३६ सामने न हरलेला संघ हरला, आणि रजिस्टरमध्ये चौदाच्या चौदा जणांच्या नावापुढे मी एकाच झटक्यात शून्य लिहिलं. तेवढं जमाखर्चाचं काम त्या महिन्यात दुसरं कुठलंच सोपं गेलं नाही.

पहिल्या फेरीनं मला फसवलं ते मात्र वेगळ्या जागी. अमेरिका-वेल्स १-१, तिथं पुरे ५. मेक्सिको-पोलंड, मोरोक्को-क्रोएशिया आणि उरुग्वे-कोरिया तिन्ही ०-०, म्हणजे बरोबरीचे प्रत्येकी २ गुण. सहा ठिकाणी १-१ लिहून ११ गुण! घरी मी लेकीला म्हटलं, तुझा पॉयसन कामाचा आहे. ती परीक्षेच्या धावपळीत होती, नुसती हं म्हणाली.

स्पेननं कोस्टा रिकाला ७-० हरवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली. चार जणांनी पुढच्या फेरीत एकदम ४-०, ५-० असले स्कोर लिहून दिले. माणसाच्या डोळ्यापुढे शेवटचा मोठा आकडा नाचत राहतो. कोणीतरी पाच गोल करेल हे खरं असतं, पण तो कोणता संघ आणि कोणत्या दिवशी हे सांगता येत नाही, आणि तशा स्कोरची शक्यता फारच कमी असते. स्पेननं पुढे जर्मनीशी १-१ केली आणि जपानकडून २-१ मार खाल्ला. त्या चौघांपैकी दोघे शेवटी सावजीचं बिल भरणाऱ्यांत होते.

गटातली तिसरी फेरी आली आणि माझं एक्सेल आंधळं आहे हे कळलं. ३० नोव्हेंबर, रात्री साडेआठ, ट्युनिशिया विरुद्ध फ्रान्स. माझ्या हिशोबानं फ्रान्स २-०. कामठीकरनं लिहून दिलं, ट्युनिशिया १-०. मी रजिस्टरवर पेन धरून विचारलं, उलटं तर नाही लिहिलं?

“बरोबर लिहिलं. फ्रान्स पास झाला न आधीच. पास झालेला माणूस परीक्षेले पोट्टे पाठवते.”

तसंच झालं. फ्रान्सनं आधीच्या सामन्यातले नऊ खेळाडू बदलले, एम्बापे बाकावर. ट्युनिशियानं गोल केल्यावर तो धावत आला, पण वेळ गेली होती. अगदी शेवटी ग्रिझमननं गोल केला आणि तो व्हीएआरमध्ये, म्हणजे पंचांनी व्हिडिओ पाहून, रद्द झाला. स्कोर १-० च राहिला. दोन दिवसांनी असाच बदललेला ब्राझील कॅमेरूनकडून १-० हरला, आणि गटात आधीच वर बसलेल्या पोर्तुगालला कोरियानं २-१ हरवलं, कारण कोरियाला जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कामठीकरनं या फेरीत आधी प्रत्येक गटाचा तक्ता काढला होता. कोणाला जिंकायलाच हवं, कोणाला बरोबरी चालते, कोणाला काहीच फरक पडत नाही. मग स्कोर. मी मात्र पूर्ण फेरी क्रमवारीवर भरली. शाळेत पेपर लिहिताना दुसऱ्याच्या वहीत बघायची सोय असते, इथं तीही केली नाही, इतका मला माझ्या टक्केवारीचा गर्व.

शनिवारी, ३ डिसेंबरला, सकाळी गटाच्या अठ्ठेचाळीस सामन्यांची बेरीज करायला बसलो. आदल्या रात्री साडेबाराचा सामना पाहून डोळे चुरचुरत होते, रजई अजून खांद्यावर, बाहेर आपल्या नागपूरची ती कोरडी थंडी. माझे गुण ६४. कामठीकर ८१. आणि दोन-शून्य ७९.

मी तीनदा बेरीज केली. बरोबर होती. त्या माणसानं एकही सामना पाहिला नव्हता. नऊ ठिकाणी त्याचा स्कोर तंतोतंत जुळला होता. सतरा ठिकाणी नुसता निकाल बरोबर, बावीस ठिकाणी भोपळा. नऊ पंचे पंचेचाळीस, सतरा दुणे चौतीस.

मग मी माझे १-१ वेगळे काढले. तिन्ही फेऱ्या मिळून एकोणीस. त्यातले जुळले दोन, अमेरिका-वेल्स आणि स्पेन-जर्मनी. आणखी चार ठिकाणी बरोबरी झाली पण ०-० ची. एकोणीस सामन्यांत १८ गुण. त्याच एकोणीस सामन्यांत त्या पोट्ट्याच्या २-० नं २७ काढले होते. रकाने आखून पाहिलं तर अख्ख्या गटांत १-१ झाला होता फक्त तीन वेळा. ०-० सहा वेळा. आणि २-०, कोणाच्याही बाजूनं का होईना, अकरा वेळा.

लेक पोळ्या लाटत होती. मी तिथंच जाऊन तक्रार केली की तुझा पॉयसन खोटा निघाला. तिनं लाटणं खाली ठेवलं, हात पुसले आणि विचारलं, “बाबा, तुम्हाला सगळ्यात जास्त शक्यता असलेला स्कोर हवा होता की सगळ्यात जास्त गुण देणारा?”

“एकच ना ते?”

“नाही.”

गॅसवर तवा तापत होता. तिनं किराण्याच्या पावतीच्या पाठीवर लिहिलं. समजा १.४ आणि १.१ चा सामना शंभर वेळा खेळवला. १-१ येईल तेरा वेळा, बाकीच्या बरोबऱ्या चौदा. तुम्ही शंभरदा १-१ लिहिलंत तर तेरा पंचे पासष्ट आणि चौदा दुणे अठ्ठावीस, एकूण ९३. आता १-० लिहा. तो येईल अकरा वेळा, म्हणजे ५५. पण वरचढ संघ एकूण जिंकणार चव्वेचाळीस वेळा. त्यातले अकरा काढले तर तेहतीस उरले, ते दुणे सहासष्ट. एकूण १२१.

“एक-एक चुकला की बहुतेक वेळा सगळंच जातं. एक-शून्य चुकला तरी दोन गुण हातात राहतात. नियम कोणी केले होते?”

मी केले होते. आमच्या खात्यात व्याजाचा दर न वाचता रक्कम गुंतवणाऱ्याला मेमो मिळतो.

तवा जाळून झाल्यावर तिनं आणखी एक सांगितलं, जे पहिल्याच दिवशी सांगत होती आणि मी ऐकलं नव्हतं. साधा पॉयसन दोन्ही संघांचे गोल एकमेकांशी संबंध नसल्यासारखे धरतो. प्रत्यक्षात कमी गोलांच्या सामन्यात तसं नसतं. १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स या दोघांनी तेवढ्यापुरती दुरुस्ती सुचवली, त्यात ०-० आणि १-१ ची शक्यता थोडी वाढते, १-० ची थोडी घटते. मी आशेनं विचारलं, मग १-१ बरोबर? ती म्हणाली, थोडी बाबा, थोडी. ९३ चे १२१ होणार नाहीत.

बाद फेरीसाठी मी एक्सेलमध्ये एक रकाना वाढवला, ‘पदरात किती’. प्रत्येक स्कोर लिहिला तर सरासरी किती गुण मिळतील त्याचा. सारख्या संघांत १-० वर आला. तगडा आणि दुबळा असेल तिथं २-०. मला जरा लाजच वाटली. आवक-जावकच्या टेबलावर भाजी-पोळी खाता खाता निघालेला आकडा माझ्या यंत्रातून दोन आठवड्यांनी बाहेर पडला होता. क्रमवारीच्या बरोबरीनं मी आता कामठीकरच्या टपरीवरच्या गप्पाही धरू लागलो. कोण दुखावलाय, कोणाचा कोणता मधला खेळाडू निलंबित आहे. तर्री पोह्यांचे पैसे मी देत होतो, माहिती तो.

हे जमायला लागलं. इंग्लंड-फ्रान्सला मी फ्रान्स २-१ लिहिलं, तेच झालं. फ्रान्स-मोरोक्को २-०, तेही. मधे गाडी अडली ती ९ डिसेंबरला, क्रोएशिया-ब्राझील. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळेत नेमारनं गोल केला, ११७ व्या मिनिटाला पेटकोविचनं फेडला, १-१, मग पेनल्टीवर ब्राझील बाहेर. सोमवारी ऑफिसात दोन तट. आमच्या साहेबांनी ०-० लिहिलं होतं, टायपिस्ट मॅडमनी १-१. स्कोर कोणता धरायचा, नव्वदचा की एकशेवीसचा? रजिस्टरच्या पहिल्या पानावर नियम माझ्या अक्षरात, आणि त्यात याबद्दल एक शब्द नाही. आधीच्या फेरीत जपान-क्रोएशिया आणि मोरोक्को-स्पेन पेनल्टीवर गेले तेव्हा दोन्ही वेळचा स्कोर एकच असल्यानं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सकाळ त्यात गेली. शेवटी मी एकशेवीस मिनिटांचा स्कोर धरायचा, पेनल्टी धरायच्या नाहीत, असं ठरवून खाली सही केली. मॅडमना ५, साहेबांना २. माझं प्रवासभत्त्याचं बिल पुढचे आठ दिवस साहेबांच्या टेबलावरून हललं नाही. स्पर्धा भरवणाऱ्यानं हे एक वाक्य पहिल्या दिवशी लिहून ठेवावं, बाकी नियम नंतर केले तरी चालतात.

अंतिम सामन्याच्या आधी कामठीकर १०४, दोन-शून्य १०२, मी ९३. मला आता कोणी गाठू शकत नव्हतं आणि मी कोणाला गाठू शकत नव्हतो, तिसरा नंबर पक्का. त्यामुळे १८ डिसेंबरचा रविवार मी निवांत होतो. शहरात दुसऱ्या दिवशीच्या अधिवेशनाचा बंदोबस्त उतरलेला, सिव्हिल लाइन्सला बॅरिकेड, आणि आम्ही सहा जण दुचाक्यांवर कामठीला निघालो. कामठीकरच्या गल्लीत भिंतीवर चादर ताणून प्रोजेक्टर लावला होता. शेकोटी होती. चादरीला मध्ये एक शिवण होती, त्यामुळे चेंडू मैदानाच्या मधोमध आला की वाकायचा.

कामठीकरनं फ्रान्स २-१ लिहिलं होतं. दोन-शून्यच्या रकान्यात मी त्याच्या हुकमाप्रमाणे अर्जेंटिना २-० लिहिलं होतं. अर्जेंटिना तिसऱ्या क्रमांकावर, फ्रान्स चौथ्या. तो स्वतः उमरेड रोडला कुणाच्या तरी लग्नात होता.

मेस्सीची पेनल्टी. मग ३६ व्या मिनिटाला डी मारिया. २-०.

गल्लीत बाकीचे नाचत होते, आमच्या ऑफिसचे सहा जण एकमेकांकडे बघत होते. स्कोर असाच राहिला तर १०७. मध्यंतर झालं. साठावं मिनिट गेलं, सत्तरावं गेलं. फ्रान्सला सूर सापडत नव्हता. कामठीकर शेकोटीत काडी खुपसत बसला होता. वीस वर्षं फुटबॉल खेळलेला माणूस.

मला राहवलं नाही, मी फोन लावला. मागे बँडचा आवाज.

“अबे, तू जिंकून राहिला!”

“कायच्यात?”

“रजिस्टरमध्ये! फायनल!”

“आज होती का?” मग जरा वेळानं, “थांबा भाऊ, पंगत बसून राहिली, मंग करतो.”

त्यानं फोन ठेवला आणि ८० व्या मिनिटाला फ्रान्सला पेनल्टी मिळाली. एम्बापे, २-१. कामठीकर उभा राहिला. पुढच्याच मिनिटाला एम्बापेनं हवेतला चेंडू तसाच मारला, २-२. कामठीकर नाचायचं सोडून मला मिठी मारायला आला, त्याच्या पायानं शेकोटी उधळली, कोणाची तरी चप्पल जळाली. मग जादा वेळेत मेस्सी १०८ व्या मिनिटाला, एम्बापे ११८ व्या. ३-३. पेनल्टीवर ४-२ नं अर्जेंटिना. चौदापैकी कोणीही बरोबरी लिहिली नव्हती. मी अंधारात मोबाईलच्या उजेडात रजिस्टरची शेवटची ओळ भरली, चौदा शून्यं, अर्जेंटिना-सौदीच्या ओळीसारखीच.

सावजी नागपूरच्या महाल भागात झालं, चौदाही जण आले. दोन-शून्य माझ्या शेजारी बसला होता. तर्रीनं नाक वाहत होतं, रुमाल नव्हता, मी माझा दिला. मटणाचा दुसरा वाडगा ओढून घेताना त्यानं विचारलं, पुढची कधी असते. मी सांगितलं, २०२६ ला, आणि तेव्हा ३२ ऐवजी ४८ संघ, म्हणजे सामनेही कितीतरी जास्त.

“कितीतरी जास्त?” तो जरा थांबला. “मंग आतापासूनच लिहायले घ्या न भाऊ.”